इंजिन पुन्हा पुन्हा का बिघडते?

(आकाशवाणीवरून झालेले भाषण)



ज्याच्या दारात मोटार उभी आहे अशा गृहस्थाला एक दुःख दुसऱ्याला सांगितल्यावाचून राहवत नाही. गाडी नुकतीच दुरुस्त करून आणली आणि पंधरा दिवसांत तीच तक्रार पुन्हा उपटली, हे ते दुःख. एकदा बिघडलेली गाडी माणूस सोसतो; यंत्र आहे, चालायचेच, असे म्हणून पैसे मोजतो. पण त्याच जागी, त्याच तऱ्हेने ती तिसऱ्यांदा मोडली म्हणजे त्याचा धीर सुटतो. मग तो गाडी करणाऱ्या कारखान्याला दोष देतो, नाहीतर दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीला, नाहीतर स्वतःच्या नशिबाला. आमच्या ग्वाल्हेरीत ह्याखेरीज आणखी एक आरोपी नेहमी हजर असतो. तो म्हणजे येथला उन्हाळा. ह्या सर्वांतला खरा अपराधी कोण, ह्याचा आज थोडा विचार करावयाचा आहे. मी यंत्रविशारद नव्हे. आयुष्यभर मुलांना पदार्थविज्ञान शिकविले, आणि वीस वर्षे एक जुनी मोटार वापरली. ह्या दोहोंपैकी मोटारीनेच मला अधिक शिकविले, हे पुढे ओघाने येईलच.

ग्वाल्हेर आणि मोटार ह्यांचे नाते जुने आहे. जयविलास राजवाड्यात मेजवानीच्या टेबलावरून फिरणारी चांदीची छोटी आगगाडी पाहण्यास प्रवासी आवर्जून जातात. माधवराव महाराज शिंदे ह्यांना यंत्रांचे केवढे वेड होते, ह्याची ती खूण. त्यांच्याच काळात दोन फूट रुंदीच्या रुळांची धाकटी रेल्वे ग्वाल्हेरहून निघाली आणि श्योपूरपर्यंत सुमारे दोनशे किलोमीटर धावू लागली. ती २०२० साली बंद पडेपर्यंत आमच्यापैकी कित्येकांनी तिच्या टपावर बसलेली माणसे पाहिली आहेत. पण ह्या महाराजांनी विकत घेतलेल्या एका मोटारीची हकीगत तितकीशी कोणास ठाऊक नसते.

१९०८ साली मुंबई-कोल्हापूर मार्गावर मोटारींची एक परीक्षा झाली. ती शर्यत नव्हती. कोण आधी पोहोचतो ह्यापेक्षा कोण न थांबता, न मोडता पोहोचतो, हे तीत पाहावयाचे होते. अंतर सुमारे ६२० मैल, रस्ते बैलगाड्यांसाठी केलेले, आणि वाटेत सहा घाट. आज कोल्हापूरकडे जाणारा मनुष्य बोगद्यांतून झरकन निघून जातो. त्या काळी घाट म्हणजे इंजिनाचा घाम काढणारी चढण आणि उतरणीला ब्रेकचा धूर. ह्या परीक्षेत एक रोल्स-रॉइस गाडी उतरली होती. तिचे नाव ठेवले होते ‘पूर्वेचा मोती’. तिने सारे अंतर कोणताही बिघाड न होता तोडले आणि ती जिंकली. पुढे ती माधवराव महाराजांनी विकत घेतली आणि तो मोती ग्वाल्हेरीत आला.

ह्या गाडीचे मोल तिच्या झगमगाटात नव्हते. त्या काळच्या मोटारींबद्दल लोकांची समजूत अशी होती की, गाडी म्हटली की ती मोडावयाचीच. धनिक मंडळी शोफर ठेवीत त्यात गाडी हाकणारा किती आणि दुरुस्त करणारा किती, हे सांगणे कठीण होते. अशा काळात घाट चढून उतरून सहाशे मैल न कुरकुरता गेलेले इंजिन हा चमत्कार वाटला तर नवल नाही. परंतु तो चमत्कार नव्हता, आणि तो कसा घडला हेच आपल्याला पाहावयाचे आहे.

ह्याच जातीच्या एका गाडीची आदल्याच वर्षी, १९०७ साली, इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये ह्याहून कठोर परीक्षा झाली होती. सोबत परीक्षक बसविलेले, आणि गाडी पुन्हा पुन्हा लंडन ते ग्लासगो, ग्लासगो ते लंडन फिरवावयाची, एकूण १५,००० मैल. त्यांपैकी १४,३७१ मैल ती एकदाही आपणहून बंद न पडता चालली. नंतर ती उघडून एकेक भाग मोजला, तेव्हा तिला पुन्हा कोऱ्यासारखी करण्यास लागणाऱ्या भागांची किंमत निघाली दोन पौंडांहून थोडी अधिक. हे आकडे त्या काळी फार गाजले. मला मात्र उरलेल्या ६२९ मैलांचे कुतूहल वाटते. ६२९ व्या मैलाला ती गाडी थांबली होती. का थांबली? पिस्टन फुटला? दांडा मोडला? तसे काही नाही. रस्त्याच्या हादऱ्यांनी पेट्रोलच्या नळीवरची चावी हळूहळू फिरत गेली आणि बंद झाली, एवढेच! जगातल्या त्या सर्वोत्तम इंजिनाला एका क्षुद्र चावीने थांबविले. ही चावी कृपा करून ध्यानात ठेवावी. माझ्या स्वतःच्या कथेत तिची एक धाकटी बहीण भेटणार आहे.

हे इंजिन करणारा हेन्री रॉइस गरीब घरचा मुलगा. रेल्वेच्या कारखान्यात काही काळ उमेदवारी केलेला. त्याने एक वापरलेली फ्रेंच मोटार घेतली, तिच्यातील उणिवा पाहिल्या, आणि ‘ह्याहून चांगली मी करीन’ म्हणून स्वतः गाड्या करू लागला. पण त्याच्या पहिल्या सहा सिलिंडरांच्या इंजिनांत एक विलक्षण रोग निघाला. पिस्टनांची वरखाली होणारी गती ज्या दांड्याला फिरविते त्याला क्रँकशाफ्ट म्हणतात. रॉइसच्या इंजिनातले हे दांडे मोडू लागले. ताकदीच्या दृष्टीने हिशेब चुकला नव्हता आणि पोलादही हलके नव्हते. नवा दांडा बसवावा, तो काही दिवस चालावा आणि पुन्हा मोडावा.

अशा वेळी सामान्य कारागीर काय करील? अधिक चांगल्या पोलादाचा दांडा मागवील. रॉइसने विचारले की, जो भार दांड्याला सहज पेलावा तो त्याला पेलत का नाही? उत्तर निघाले ते असे. दांडा लांब आणि सडपातळ असला की तो नुसता फिरत नाही, फिरता फिरता पिळलाही जातो. सिलिंडरात स्फोट झाला की एका टोकाला पीळ बसतो, तो सुटतो, पुन्हा बसतो. सतारीच्या तारेला जसा स्वतःचा एक स्वर असतो तसा ह्या पिळण्यालाही एक ठरावीक वेग असतो, आणि स्फोटांचा ताल त्या वेगाशी जुळला की प्रत्येक धक्का मागच्या धक्क्यात भर घालतो. झोपाळ्याला वेळेवर दिलेला हलका हात जसा त्याला आढ्यापर्यंत नेतो, तसेच हे. पोलाद दुबळे नव्हते. त्याला कोणी तालात मारीत होते. रॉइसने पुढच्या इंजिनात दांडा आखूड आणि जाड केला, तो सात बेअरिंगांवर टेकविला, सिलिंडर तीन-तीनांच्या दोन गटांत मांडले आणि तेल दाबाने दांड्यापर्यंत पोहोचविले. ‘पूर्वेचा मोती’ घाटांत मोडला नाही, त्याचे हे गुपित. आधीचे मोडलेले दांडे त्याने भंगारात टाकण्यापूर्वी नीट वाचले होते.

वस्तुतः हा धडा मोटारीच्याही आधीचा आहे. १८४२ साली फ्रान्समध्ये व्हर्सायहून परतणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचा आस मोडला आणि पन्नासांहून अधिक माणसे दगावली. पुढे प्रशियाच्या रेल्वेतील ऑगस्ट व्योलर ह्या अभियंत्याने वर्षानुवर्षे प्रयोग करून दाखविले की, जो भार लोखंड एकदा सहज सोसते तोच लक्षावधी वेळा उलटसुलट आला म्हणजे ते मोडते. धातूलाही थकवा येतो. तोपर्यंत विद्वान मंडळी ‘लोखंड जुने होऊन आतून खड्यासारखे बनते’ असे म्हणून मोकळी होत असत. नावाने रोग बरा होत नाही, पण पुष्कळांचे समाधान होते. ही सवय वैद्यकात आणि यंत्रांत सारखीच आहे.

आता आपल्या दारातल्या गाडीकडे येऊ. मोटारीचे इंजिन किती श्रम करते ह्याची आपल्याला कल्पना नसते. ग्वाल्हेर ते आग्रा हे अंतर सुमारे १२० किलोमीटर. दोन तासांत गेलो आणि इंजिनाचे फेरे मिनिटाला तीन हजार धरले, तर दांडा ३,६०,००० वेळा फिरतो. प्रत्येक सिलिंडरात १,८०,००० स्फोट होतात. पिस्टन दर सेकंदाला शंभर वेळा थांबून उलट फिरतो. स्फोटाच्या क्षणी आतल्या वायूची उष्णता दोन हजार अंशांच्या घरात जाते, आणि पिस्टन असतो बहुधा अ‍ॅल्युमिनियमचा, जे ६६० अंशांना वितळते. मग तो वितळत का नाही? कारण उष्णता त्याच्यात साठू न देता अखंड बाहेर नेली जाते. काही तेलाने, काही रिंगांवाटे सिलिंडरच्या भिंतीत आणि तेथून पाण्यात. पेट्रोलमधली सुमारे एक तृतीयांश उष्णता ह्या पाण्यालाच वाहून न्यावी लागते. म्हणजे इंजिन जिवंत राहते ते आपल्या बळावर नव्हे, तेल, हवा आणि पाणी ह्या तीन सेवकांच्या जिवावर. हे सेवक बोलत नाहीत. ते थकले की धनी मरतो आणि आपण धन्याच्या नावाने बोटे मोडतो.

हवेचे घ्या. एक लिटर पेट्रोल जाळण्यास सुमारे नऊ हजार लिटर हवा लागते. चंबळेच्या बेहडांतून मे महिन्यात जी लू वाहते तिच्यात किती धूळ असते हे भिंडकडे जाणाऱ्यास सांगावयास नको. ह्या धुळीतले गारेचे कण लोखंडाहून कठीण. हवेची जाळी फाटकी असेल, किंवा तिच्या कडेचे रबर नीट बसले नसेल, तर ते कण सिलिंडरात जातात आणि घासकागदाचे काम करतात. गंमत अशी की, डोळ्यांना दिसणारा मोठा खडा इंजिनाला तितका भीतिदायक नाही. न दिसणारा कण अधिक घातकी. तेलाचा जो पातळ थर दोन धातूंना एकमेकांपासून दूर ठेवतो तो केसाच्या जाडीहूनही कितीतरी पातळ असतो, आणि त्यात मावणारा कणच दोन्हीकडे ओरखडे काढतो. मग गाडी निळा धूर सोडू लागते. मिस्त्री रिंगा बदलतो. जाळीला कोणी हात लावीत नाही. वर्षाने नव्या रिंगा जुन्या होतात, आणि मालक म्हणतो, ‘हल्ली मालच चांगला मिळत नाही.’

उन्हाळ्यावरून आणखी एक गोष्ट आठवली. इंजिनातून पाणी बाहेर पडते त्या तोंडाशी थर्मोस्टॅट नावाची एक झडप असते. पाणी पुरेसे तापेपर्यंत ती रेडिएटरकडची वाट बंद ठेवते. आमच्याकडे पुष्कळ मिस्त्री ही झडप काढून फेकून देत असत. ‘येथल्या गरमीत तिचे काय काम?’ असा प्रश्न. प्रश्न सयुक्तिक वाटतो. पण ग्वाल्हेरीत जानेवारीच्या पहाटे पारा दोन-तीन अंशांवरही येतो, आणि अशा वेळी झडप नसलेले इंजिन कोमटच राहते. त्यात पाण्याची वाफ थिजते, तेलाचा चिखल होतो आणि झीज वाढते. शिवाय काही इंजिनांची रचना अशी की, झडप काढली तर काही पाणी रेडिएटरला वळसा घालून तसेच परत इंजिनात जाते, म्हणजे उन्हाळ्यातही उलटाच परिणाम. एका रोगावर उपाय म्हणून दुसरा रोग विकत घेण्याचे ह्याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

आजच्या गाड्यांत पाण्याऐवजी रंगीत शीतक द्रव असतो, जागोजागी संवेदक असतात, आणि काही बिनसले की समोर पिवळा दिवा लागतो. ही सोय मोठीच आहे. तरीही दिवा पुष्कळदा परिणाम सांगतो, कारण सांगत नाही. ‘इंजिन तापले’ हे दिवा सांगेल. का तापले, हे शोधावयास अजूनही एक डोके लागते. ते डोके माझ्यापाशी होते, निदान तसा माझा समज होता. त्याचीच हकीगत आता सांगतो.

गोष्ट १९९४ च्या उन्हाळ्यातली. लष्करात आमचे जुने घर. माझी मोटार दुसऱ्याच्या हातून आलेली, लोखंडी ठोकळ्याची आणि अ‍ॅल्युमिनियमच्या हेडाची. ठोकळा आणि हेड ह्यांच्यामध्ये गॅस्केट नावाचा एक पातळ पत्रा असतो; स्फोटाची वाफ पाण्यात आणि पाणी सिलिंडरात जाऊ नये ही त्याची कामगिरी. मार्चमध्ये हे गॅस्केट जळले. आमच्या मिस्त्रीने ते बदलले. त्यांना सारे ‘उस्ताद’ म्हणत. वय साठीच्या पुढचे, शिक्षण चौथीपर्यंत. लांब पेचकसाचे एक टोक इंजिनावर आणि मूठ कानाला लावून ते ऐकत बसत, तेव्हा मैफलीत डोळे मिटून बसलेल्या जाणकाराची आठवण व्हावी. ग्वाल्हेरीत कानाची परंपरा काही गवयांपुरतीच नाही.

एप्रिलच्या अखेरीस गॅस्केट पुन्हा जळले. उस्तादांनी हेड उतरविले, पट्टी लावून पाहिले, ते वाकले होते. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगते. अति तापले की हेड वाकते आणि गॅस्केटवरचा दाब सारखा राहत नाही. त्यांनी हेड घासून सपाट करून आणले, नवे गॅस्केट घातले, बोल्ट क्रमाने आवळले. काम चोख होते. हे मला आज कळते. गाडी देताना त्यांनी मला विचारले, ‘मास्टरसाहब, पानी कौनसा डालते हो?’ मी हसून म्हणालो, ‘पाणी ते पाणी. त्यात आणखी कोणते असते?’ पदार्थविज्ञानाच्या शिक्षकाने हे उत्तर द्यावे! त्यांनी मान हलविली आणि गप्प राहिले.

जूनमध्ये आईला घेऊन झाशीला निघालो. तिच्या धाकट्या बहिणीकडे कार्य होते. दतियाच्या अलीकडे काटा लाल रेघेला टेकला आणि टोपणाखालून वाफ फुसफुसू लागली. दुपारचे बारा, वर पंचेचाळीस अंशांचे ऊन, आणि आईचे वय पंच्याहत्तर. तीन तास ती एका बाभळीच्या विरळ सावलीत बसून राहिली. एका ट्रकवाल्याने आपल्या मातीच्या सुरईतले पाणी तिला पाजले, ओला पंचा डोक्यावर ठेवला आणि संध्याकाळी आमची गाडी दोर लावून परत आणली. त्याने पैसे घेतले नाहीत. आईला दोन दिवस ताप होता. ती काही बोलली नाही, पण रात्री तिच्या खाटेशी बसलो असताना माझ्या मनात एकच विचार घोळत होता: ह्या माणसाने मला फसविले.

तिसऱ्या दिवशी मी उस्तादांकडे गेलो आणि त्यांच्या हाताखालच्या पोरांसमोर त्यांना नको ते बोललो. तुम्ही जुना माल घातला, पैसे नव्याचे घेतले, माझ्या आईच्या जिवावर बेतले, असे सारे. म्हाताऱ्याचा चेहरा काळवंडला. त्यांनी प्रत्युत्तर दिले नाही. खिशातून किल्ली काढून पेटी उघडली, माझ्याकडून घेतलेली दोन्ही वेळची मजुरी मोजून बाकावर ठेवली, आणि पुन्हा कामाला लागले. मी ते पैसे उचलले. हे सांगताना आजही मला बरे वाटत नाही, पण उचलले हे खरे आहे.

गाडी दीड महिना अंगणात पडून होती. श्रावणातल्या एका सकाळी आई न्हाणीघरात तांब्याच्या बंबाशी काहीतरी ठोकीत बसलेली दिसली. आमच्याकडे तो बंब तिच्या लग्नापासूनचा. त्यावर तिचा जीव. विचारले तेव्हा म्हणाली, ‘अरे, पूर्वी चार ढलप्यांत पाणी कढत व्हायचे, आता आठ लागतात. आत बघ किती खपली धरली आहे. ह्या बोअरिंगच्या पाण्याने बंबाचा सत्यानाश केला.’ आणि तिने आतून निघालेला एक पांढरा, करवंटीच्या जाडीचा तुकडा माझ्या हातावर ठेवला.

मी तो तुकडा हातात घेऊन किती वेळ उभा होतो कोण जाणे. दरवर्षी फळ्यावर मीच मुलांना लिहून देत असे: कठीण पाणी तापविले म्हणजे त्यात विरघळलेले कॅल्शियम बायकार्बोनेट मोडते आणि चुन्याचा साका खाली बसतो. लोखंडातून उष्णता जितक्या सहज वाहते तितकी ती चुन्यातून वाहत नाही. कित्येक पटींनी अडते. बंबाच्या आत जी खपली, तीच इंजिनाच्या आत. आणि गाडीत रोज सकाळी मी घालीत होतो ते पाणी अंगणातल्या बोअरिंगचेच. तिघऱ्याचे नळाचे पाणी पिण्यापुरते येई, ते गाडीत कोण घालणार?

त्याच दिवशी उस्तादांकडे गेलो. आईने बजावले होते, ‘ज्या पोरांसमोर बोललास त्यांच्यासमोरच माफी माग.’ मी तसे केले आणि पैसे परत बाकावर ठेवले. उस्तादांनी पैशांकडे पाहिले नाही. माझ्या हातातला पांढरा तुकडा घेतला, दोन बोटांत चुरडला, आणि पोरांना म्हणाले, ‘गाडी ओढून आणा.’

इंजिनाच्या ठोकळ्याच्या बाजूला पाणी सोडण्याचे एक बूच असते. त्यांनी ते उघडले. पाणी आलेच नाही. तार घालून ढोसले तेव्हा खडूच्या चिखलासारखा लगदा ओघळू लागला. रेडिएटरच्या खालच्या अर्ध्या नळ्या बुजलेल्या होत्या. मला वाटले, झाले, रोग सापडला. मी तसे म्हणालोही. पण उस्ताद फडक्याला हात पुसत उभे राहिले आणि त्यांनी दुसरा प्रश्न विचारला: रोज पाणी घालावे का लागत होते?

ह्या प्रश्नाचे मर्म मला तेव्हा क्षणभर कळले नाही. रेडिएटर एकदा भरला आणि ते पाणी आतल्या आत फिरत राहिले, तर त्यातला चुना कितीसा असणार? एकदा साका बसेल आणि संपेल. एवढा चिखल साठावयास रोज नवे पाणी, म्हणजे रोज नवा चुना, आत जावयास हवा. मग रोजचे पाणी जात कोठे होते? नळी गळत नव्हती, अंगणात ओल दिसत नव्हती.

उस्तादांनी रेडिएटरचे टोपण उचलले आणि अंगठ्याने त्याची स्प्रिंग दाबली. ती लोण्यासारखी आत गेली. हे टोपण म्हणजे नुसते झाकण नव्हे. त्याची स्प्रिंग आतला दाब धरून ठेवते. सात पौंडांचा दाब असला की पाणी शंभर अंशांवर उकळत नाही, एकशे दहाच्याही थोडे पुढे जाऊन उकळते. स्प्रिंग मेली की हा आधार जातो, चढणीला पाणी उकळते आणि वाफ होऊन निघून जाते. मागे ना ओल, ना डाग. आदल्या वर्षापासून हेच चालले होते. टोपण सैल म्हणून पाणी उडे. पाणी उडे म्हणून मी बोअरिंगचे घाली. त्याने चुना साठे, चुन्याने हेड तापे, तापून वाके, आणि वाकलेल्या हेडाखाली गॅस्केट जळे. दर वेळी आम्ही साखळीची शेवटची कडी बदलीत होतो. दोन्ही गॅस्केटे चांगलीच होती; त्या बिचाऱ्यांनी आपापल्या परीने साक्ष दिली होती आणि मी साक्षीदारांनाच फाशी देत आलो होतो. ६२९ व्या मैलावरची ती चावी आठवते ना? हे टोपण तिचीच धाकटी बहीण.

पुढचे आठ दिवस उस्तादांनी गाडी जवळ ठेवली. रेडिएटर उतरवून नळ्या मोकळ्या केल्या, ठोकळा आतून धुतला, हेड पुन्हा सपाट केले, नवे गॅस्केट घातले आणि नवे टोपण बसविले. ह्या साऱ्या सामानात टोपणच सर्वांत स्वस्त होते. तेव्हापासून गाडीत मी पावसाचे गाळलेले पाणी आणि शीतक द्रव घालू लागलो. आई पागोळ्यांखाली पिंप लावून ठेवी आणि त्यातले निम्मे बंबासाठी राखून ठेवी. त्यानंतर नऊ वर्षे मी ती गाडी चालविली. झाशीला आईला घेऊन चार वेळा गेलो. हेड पुन्हा उतरवावे लागले नाही.

गाडी आणावयास गेलो त्या दिवशी उस्तादांनी मजुरी फक्त एकदाची घेतली, आणि बाकी दोन वेळची घ्या म्हणून मी कितीही आग्रह केला तरी ऐकले नाही. मग त्यांनी मला बाकावर बसवून घेतले आणि एका पोऱ्याला चहा आणावयास पिटाळले. तो कोपऱ्यापर्यंत गेला असेल नसेल, तोच त्याला हाक मारून ते म्हणाले, ‘अरे, मास्टरसाहब के लिए नल के पानी की बनवाना, बोरिंग की नहीं!’ पोरे खो खो हसली. त्यांच्यात मीही होतो.